हरकती मोजल्या, वाचल्या का?

ग्रामसेवक म्हणून माझी सगळी नोकरी सिंधुदुर्गात झाली. ग्रामसभा बोलावणं, कोरम भरतो का ते पाहणं, ठराव लिहून वर पाठवणं हे माझं काम. त्यामुळे ‘जनतेकडून हरकती व सूचना मागवल्या होत्या’ हे सरकारी वाक्य वाचलं की त्या हरकती गावात कशा तयार होतात हे मला आठवतं. पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राबद्दल मी बोलतोय.

मार्च 2014 ते जुलै 2024 या काळात केंद्र सरकारने या क्षेत्राचे सहा मसुदे राजपत्रात छापले. दर वेळी हरकतींसाठी 60 दिवस दिले. या तारखा कोकणातल्या शेतकऱ्याच्या वर्षाशी ताडून पाहा. 10 मार्च 2014 आणि 27 फेब्रुवारी 2017, म्हणजे काजू-आंब्याचे दिवस. 6 जुलै 2022, ऐन लावणी. 3 ऑक्टोबर 2018, भातकापणी. 4 सप्टेंबर 2015 च्या मसुद्यानंतर तेरा दिवसांनी गणपती होते. 31 जुलै 2024 चा मसुदा आला तेव्हा काही शेतांत लावणी चालूच होती आणि पाठोपाठ चतुर्थी. कायद्याने ग्रामसभेला 15 टक्के किंवा 100 मतदार लागतात. या दिवसांत तेवढी माणसं जमवताना काय होतं ते आम्हा ग्रामसेवकांना विचारा. शिवाय राजपत्र हिंदी आणि इंग्रजीत. त्यात गावांची यादी असते, पण आपल्या वाडीतला कोणता डोंगर, कोणता सर्व्हे नंबर, ते त्यातून कळत नाही.

मग ग्रामसभेत एखादी आजी उठून विचारते, “माका घर शाकारूक परवानगी घेवची लागतली काय?” मसुद्यात तसं काहीही नाही. बंदी आहे ती खाणकाम, दगडखाणी, वाळूउपसा, नवे औष्णिक वीजप्रकल्प, लाल श्रेणीतले नवे उद्योग आणि 20 हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठी नवी बांधकामं यांवर. पण हे मराठीत, नकाशा हातात घेऊन सांगायला तालुक्याहून कोणी आलेलं नसतं. सात-बारावर शेरा पडणार, झाडाला हात लावता येणार नाही, असं कोणीतरी ठासून सांगतं आणि विरोधाचा ठराव होतो. तसे ठराव मी स्वतः लिहिले आहेत. त्यातली भीती खरी होती, माहिती अपुरी होती.

पण त्याच सभांमध्ये अगदी नेमके प्रश्नही येत. दगडखाणींवर बंदी म्हणजे चिरेखाणीही बंद का? आमच्याकडे घरं जांभ्या दगडाची, गावातली कितीतरी कुटुंबं त्या कामावर. किंवा हा प्रश्न: गावाच्या 20 टक्के क्षेत्रावर संवेदनशील भूभाग असेल तर अख्खं गाव यादीत घ्यायचं, असा निकष या मसुद्यांमागच्या, केंद्राने नेमलेल्या डॉ. कस्तुरीरंगन गटाचा होता. मग खालच्या वाडीतल्या, सड्यावरच्या माणसाचं काय? त्या गटाने उपग्रहाची चित्रं वापरली. उपग्रहाला झाडोरा दिसतो. त्यातली देवराई कोणती, पाण्याचा झरा कोणता, गेल्या पावसात भेग कुठे पडली, हे गावाला माहीत असतं. हरकतीच्या अर्जात ही माहिती असते आणि शास्त्रज्ञांच्या पुराव्याइतकीच ती कामाची असते. ती तपासावी, चुकीची असेल तर तसं सांगावं.

त्या गटाआधी केंद्राने नेमलेल्या प्रा. माधव गाडगीळ यांच्या समितीने हे ओळखलं होतं. घाटाचे सुमारे 2,200 चौकोन पाडून त्यांनी प्रतवारी केली, पण ती प्राथमिक म्हणून मांडली आणि अंतिम सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवा असं लिहिलं. खाणींना कंटाळलेल्या सिंधुदुर्गातल्या 25 ग्रामसभांनी आमचं गाव संवेदनशील जाहीर करा असे ठराव दिले होते, तेही अहवालात आहे. हा अहवाल ऑगस्ट 2011 मध्ये मंत्रालयाला मिळाला आणि लोकांपुढे आला मे 2012 मध्ये, तोही माहिती आयोगाच्या आदेशानंतर आणि दिल्ली उच्च न्यायालयात मंत्रालयाची याचिका फेटाळली गेल्यावर. लोक ज्या कागदावर बोलणार, तोच कागद इतके महिने त्यांच्यापासून लांब ठेवला गेला. याचा मला आजही राग येतो.

पुढे या अहवालावर सुमारे 1,750 प्रतिसाद आले आणि त्यातले 81 टक्के विरोधात असल्याचं सांगितलं गेलं. हा आकडा वर्षानुवर्षं फेकला जातोय. पण त्यातल्या किती जणांनी अहवाल आपल्या भाषेत वाचला होता? किती विरोध घर शाकारण्याच्या भीतीतून आला, किती चिरेखाणीच्या काळजीतून आणि किती मोठ्या खाणमालकांचा होता? या तिघांना द्यायची उत्तरं वेगवेगळी आहेत. एकाच टक्केवारीत तिघांना कोंबलं की कोणालाच उत्तर द्यावं लागत नाही. माळीण, तळीये, इर्शाळवाडी इथे दरडी कोसळून गेल्यावर तरी हे चालू नये.

केंद्राने 2014 मध्ये कायदे आणि नियम करण्यापूर्वीच्या सल्लामसलतीचं धोरण ठरवलं. मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवावा आणि आलेल्या अभिप्रायांचा गोषवारा प्रसिद्ध करावा, असं त्यात आहे. माझी मागणी त्याच्या एक पाऊल पुढची आहे. प्रत्येक गावाच्या ठरावासमोर तो मान्य की अमान्य आणि का, एवढं मराठीत लिहून ते पंचायतीच्या फलकावर लावावं. चिरेखाणीला सूट नसेल तर नाही म्हणा, पण कारण द्या.

पुढचा मसुदा काढायचा असेल तर तो जानेवारीच्या सुरुवातीला काढा. भात घरात आलेलं असतं, काजू सुरू व्हायचा असतो आणि 26 तारखेला ग्रामसभा असतेच. सर्व्हे नंबर दाखवणारा मराठी नकाशा आठवडाभर आधी पंचायतीत लावा आणि त्या दिवशी उत्तरं देऊ शकेल असा एक अधिकारी पाठवा.