नियम कसा वाचावा?

विद्यार्थ्यांनीं स्वतः यंत्रमानव बांधून सामन्यांत उतरवावा, अशा स्पर्धा आतां आपल्या देशांतील शाळांसही अपरिचित राहिल्या नाहींत. डीन केमन यांनीं १९८९ सालीं अमेरिकेंत 'फर्स्ट' ही संस्था स्थापिली व १९९२ सालीं न्यू हॅम्पशर प्रांतीं २८ संघांची पहिली स्पर्धा भरविली. त्या स्पर्धेंत प्रतिवर्षीं नवा खेळ व नवी नियमपुस्तिका निघते. यंत्राचें वजन, आकार, विद्युत्घट, मोटारी या सर्वांस मर्यादा असते. आणि परीक्षकांनीं तपासून मान्य केल्यावांचून यंत्रास मैदानांत खेळतां येत नाहीं.

हे नियम वाचतांना मुलांच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात असें आम्हांस वाटतें. कित्येक मुलें नसलेलीं बंधनें कल्पितात आणि "असें कोणी करीत नाहीं, त्या अर्थीं तें निषिद्धच असेल," असें म्हणून चांगली युक्ति सोडून देतात. दुसरीं कित्येक अडचणीचा शब्द दिसला असतांही न दिसल्यासारखें करितात. नियमांत जें लिहिलें आहे तेवढेंच दोघांनींही वाचलेलें नसतें. शब्दांचा अर्थ आहे तेवढाच घ्यावा, त्यांमागें गुप्त हेतु शोधूं नये, असें ती पुस्तिका स्वतःच बजाविते.

२०१५ सालचें उदाहरण घ्या. त्या वर्षीं यंत्राच्या वजनाची मर्यादा विद्युत्घट वगळून १२० पौंड होती. टेक्सासमधील एका संघानें आपल्या यंत्राचे दोन भाग केले आणि ते लांब दोरानें परस्परांस जोडून ठेविले. दोर होता म्हणून यंत्र एकच ठरलें व परीक्षणांत मान्य झालें. यास कोणी पळवाट म्हणेल. आम्ही म्हणणार नाहीं. त्या मुलांनीं कांहीं लपविलें नाहीं; परीक्षकांसमोर सर्व उघडें मांडिलें.

परंतु शब्द खरोखरच संदिग्ध असेल तर काय करावें? संस्थेस प्रश्न विचारण्याची सोय आहे. मात्र प्रश्न व उत्तर सर्व संघांस वाचतां येतात. "विचाराल तर युक्ति फुटेल, गप्प बसा, पुढचें पुढें पाहूं," असा सल्ला कधीं कधीं वडील मंडळीच देतात. युक्ति फुटण्याची भीति खोटी नाहीं, हें आम्ही मान्य करितों. तरीही विचारावेंच, असें आमचें स्पष्ट मत आहे. आठवडेच्या आठवडे खपून बांधलेलें यंत्र ऐन वेळीं अमान्य झालें, तर संघांतील प्रत्येक मुलाचे श्रम वायां जातात. आणि ज्या अर्थाचा उच्चार चारचौघांत करण्याची लाज वाटते, तो अर्थ बहुधा आपल्याही मनास पटलेला नसतो.

चुरशीनें खेळावें, परंतु प्रतिस्पर्ध्याचा मान राखावा, ही शिकवण प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनीं या स्पर्धांस दिली. पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, मुलास यश किती मिळालें हें विचारण्यापूर्वीं त्यानें नियम कसा वाचला, हें विचारावें. पुढें करारनामे व कायदे वाचण्याची वेळ येईल तेव्हां हीच संवय त्याच्या कामास येईल.