प्रत कोणाकोणाला?

भोपाळच्या बाग सेवनियात झेरॉक्सच्या दुकानांना तोटा नाही. जवळच बरकतउल्ला विद्यापीठ, साकेत नगरातलं एम्स आणि गल्लोगल्ली भाड्याच्या खोल्यांत राहणारी मुलं, त्यामुळे छपाई आणि स्पायरल बाइंडिंगचा धंदा बारमाही. यातल्या काही दुकानांत एमबीएच्या प्रकल्पांबरोबर बँकेच्या कर्जासाठी लागणारे प्रोजेक्ट रिपोर्टही तयार मिळतात. मसाला चक्की, कागदी पत्रावळी, शिवणकाम, धंदा कुठलाही सांगा. पहिल्या वर्षी क्षमतेच्या ६० टक्के उत्पादन, दुसऱ्या वर्षी ७०, तिसऱ्या वर्षी ८०. धंदा बदलला तरी आकडे तेच. गिऱ्हाइकाचा प्रश्नही एकच असतो: ‘बैंक में चल जाएगी ना?’

बऱ्याचदा चालतोही. पण धंदा चालेल का, हे त्या पानांत कुणी तपासलेलंच नसतं. मिरची-धणे कुठून आणि कोणत्या महिन्यात काय भावानं घ्यायचे, वस्तीत आधीच किती चक्क्या आहेत, दुकानदार उधारी किती दिवस ठेवतात, हे कळायला करोंदच्या मंडीत एक सकाळ आणि आसपासच्या किराणा दुकानांत एक संध्याकाळ घालवावी लागते. ती कुणी घालवत नाही, कारण अहवालाचा वाचक बँकेचा साहेब ठरलेला असतो. कर्ज फेडणारा माणूस स्वतःचाच अहवाल वाचत नाही.

कार्यालयीन लिखाणावरच्या या स्तंभाकडे वाचक हमखास ‘चांगल्या अहवालाचा नमुना द्या’ अशी मागणी करतात. नमुन्यांनी बाजार भरलेला आहे. हा अहवाल वाचून कोणी काय ठरवायचं आहे, याचा विचार मात्र आधी झालेला नसतो. तो झाला नाही, तर जाणकारांनी मेहनतीनं केलेला अहवालही वाया जातो. याचा सगळ्यात दारुण पुरावा याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, काली परेडजवळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात आहे.

मे १९८२ मध्ये कंपनीच्या अमेरिकी तज्ज्ञांनी या कारखान्याची सुरक्षा पाहणी केली. त्याआधी डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूनं एका कामगाराचा बळी घेतला होता. तज्ज्ञांचं काम कच्चं नव्हतं. त्यांनी ६१ धोके नोंदवले. त्यातले ३० गंभीर होते आणि त्यांपैकी ११ फॉस्जीन व मिथिल आयसोसायनेटच्या विभागातले. गळक्या झडपा, भरवसा नसलेली मापनयंत्रं, सतत बदलणारी माणसं, सगळं कागदावर आलं. पण तातडीनं दुरुस्त करावं असं काही आढळलं नाही, असा दिलासाही त्याच अहवालानं दिला. वरिष्ठ गोषवारा वाचतात आणि तपशील कनिष्ठांवर सोपवतात, हे कोणत्याही कार्यालयात घडतं. गोषवाऱ्यात दिलासा आणि तक्त्यात धोका असेल, तर वर दिलासाच पोहोचतो.

पुढे भोपाळहून अमेरिकेला प्रगती अहवाल जाऊ लागले. जून १९८४ च्या सुमाराला बहुतेक त्रुटी दूर झाल्याचं कळवण्यात आलं. त्याच सुमारास मिथिल आयसोसायनेटच्या टाक्या थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा बंद करण्यात आली. यादीतल्या नोंदींवर ‘पूर्ण’ असा शेरा पडत होता, पण यादी झाल्यावर कारखान्यात काय बदललं हे त्या यादीत कुठून येणार? शिवाय ज्यांनी काम करायचं, तेच ‘पूर्ण’ म्हणणार, अशी व्यवस्था.

तिसरी गोष्ट सप्टेंबर १९८४ ची. कंपनीच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या कारखान्याच्या अंतर्गत पाहणीत इशारा होता की साठवण टाकीत अनियंत्रित रासायनिक अभिक्रिया होऊ शकते आणि ती वेळेत आवरता येणार नाही. हा अहवाल भोपाळला पाठवला गेला नाही. दोन्हीकडची शीतकरणाची पद्धत वेगळी, असं कारण नंतर देण्यात आलं. तीन महिन्यांच्या आत, २ डिसेंबरच्या रात्री, भोपाळच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत नेमकी तशीच अभिक्रिया झाली आणि विषारी मिथिल आयसोसायनेट आसपासच्या वस्त्यांत पसरला.

त्या रात्रीच्या नोंदीही पाहण्यासारख्या आहेत. रात्री १०.२० ला टाकीतला दाब दर चौरस इंचाला २ पाउंड होता. पावणेअकराला पाळी बदलली. अकराच्या सुमाराला नव्या माणसानं काटा पाहिला, तर १० पाउंड. २ ते २५ पर्यंतचा दाब नेहमीचाच मानला जाई, म्हणून त्याला काही वावगं वाटलं नाही. आकडा मर्यादेत होता, पण पाऊण तासाच्या आत तो पाचपट झाला होता. सुटा आकडा माहिती देतो; आधीच्या आकड्याशेजारी ठेवला की त्यातून धोका दिसतो. आपल्या विक्रीच्या, थकबाकीच्या आणि तक्रारींच्या तक्त्यांत ‘मागच्या वेळी किती’ हा रकाना नसेल, तर तो तक्ता अर्धाच आहे.

कारखान्याच्या धोक्याबद्दल १९८२ पासून जाहीरपणे लिहीत होते ते पत्रकार राजकुमार केसवानी, तेही ‘रपट’ नावाच्या छोट्या साप्ताहिकात. त्यांनी आपला वाचक नेमका ओळखला होता: कारखान्याच्या भिंतीपलीकडे झोपणारी माणसं. कंपनीच्या प्रतींच्या यादीत ती कधीच नव्हती.

म्हणून अहवालाची आखणी शेवटच्या पानापासून करावी, असं माझं मत आहे. कोण, काय आणि कोणत्या तारखेपर्यंत ठरवणार, हे एका वाक्यात लिहा. ते जमत नसेल तर अहवालाची वेळ आलेली नाही. मग त्या निर्णयाला लागेल तेवढीच माहिती गोळा करा. दप्तरातले आकडे घ्याच, पण त्यातले दोन-चार स्वतः जागेवर जाऊन पडताळा आणि काम करणाऱ्या माणसाशी त्याच्या साहेबाच्या गैरहजेरीत बोला. सर्वांत वाईट बातमी गोषवाऱ्याच्या पहिल्या परिच्छेदात लिहा. प्रत्येक सूचनेपुढे जबाबदार माणसाचं नाव, मुदत आणि तपासणाऱ्याचं नाव असू द्या. करणारा आणि तपासणारा एकच नको.

आणि ‘प्रत माहितीसाठी’ ही ओळ सगळ्यात शेवटी घाईघाईनं उरकू नका. या विषयात चूक झाली तर नुकसान कोणाचं होणार, याची यादी करा. ज्यांचं नुकसान होणार, त्यांची नावं प्रतींच्या यादीत सर्वांत वर घाला, आणि अहवाल त्यांना समजेल अशा भाषेत लिहा.