कोर्दोबाची अर्धी कथा

युरोपची सहल ही मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाला आता अप्राप्य गोष्ट राहिलेली नाही. लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड पाहून झाले की पावले स्पेनकडे वळतात, आणि माद्रिदहून दक्षिणेकडे जाताना ग्वादलकिवीर नदीच्या काठी कोर्दोबा लागते. तेथील जगप्रसिद्ध वास्तूत तासभर फिरवून मार्गदर्शक सांगतो की, येथे एकेकाळी मुसलमान, ख्रिस्ती आणि ज्यू गुण्यागोविंदाने नांदत होते. ते सुवर्णयुग होते. मंडळी छायाचित्रे काढतात आणि बसमध्ये बसतात. कथा खोटी नसते, पण ती अर्धी असते. दुसऱ्या टोकाला, या आठ शतकांत अत्याचारांवाचून काहीच घडले नाही असे सांगणारेही भेटतात. त्यांची कथाही अर्धीच.

वास्तूपासूनच आरंभ करू. दमास्कसच्या उमय्या घराण्याची कत्तल झाल्यावर निसटलेला राजपुत्र पहिला अब्द अल्-रहमान याने ७५६ मध्ये कोर्दोबा घेतले आणि ७८५ च्या सुमारास मशीद उभारण्यास प्रारंभ केला. त्या जागी आधी संत व्हिन्सेंटचे चर्च होते, अशी जुनी परंपरा आहे. विसाव्या शतकातील उत्खननात फरशीखाली प्राचीन अवशेष सापडले. ते त्याच चर्चचे आहेत काय, याविषयी मात्र संशोधकांचे एकमत नाही. आज उभ्या असलेल्या ८५६ स्तंभांपैकी कितीतरी रोमन आणि विसिगॉथ इमारतींतून काढून आणलेले आहेत. उंची कमीअधिक, दगड निरनिराळे, शीर्षे वेगवेगळी. त्यांवर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी चढविल्या आहेत. दुसऱ्या अल्-हकमने मेहराबाच्या सोनेरी कुट्टिमकामासाठी कारागीर मागविला तो बायझंटाइन सम्राटाकडून, म्हणजे ख्रिस्ती राजाकडून!

१२३६ मध्ये तिसऱ्या फर्डिनांडने नगर जिंकले आणि मशिदीचे कॅथेड्रल झाले. तथापि ती पाडली गेली नाही. जवळजवळ तीन शतके किरकोळ फेरबदलांवर भागले. १५२३ मध्ये बिशपने मध्यभाग फोडून तेथे भव्य कॅथेड्रल बांधण्याचे ठरविले, तेव्हा विरोध कोणी केला? नगरपालिकेने. ख्रिस्ती नगरसेवकांनी, तोडकामाला हात लावील त्या कारागिराला देहदंड देण्याची धमकी देणारा हुकूम काढला. सम्राट पाचव्या चार्ल्सने बिशपच्या बाजूने कौल दिला आणि पुढे प्रत्यक्ष पाहिल्यावर त्यालाच पश्चात्ताप झाला, असे सांगतात. आपल्या धर्माचे मंदिर उभे राहत असतानाही, परक्याने घडविलेले सौंदर्य मोडू नये म्हणून आपल्याच बिशपसमोर उभे राहणारे ते नागरिक आम्हाला या साऱ्या इतिहासातील सर्वांत आदरणीय माणसे वाटतात.

सुवर्णयुगाची भाषा करणारे एक गोष्ट बहुधा सांगत नाहीत, आणि ती आपल्या घरची आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ रचला. आठव्या शतकात भारतीय सिद्धान्तज्योतिष बगदादला पोहोचले व ‘सिंदहिंद’ या नावाने अरबीत रुळले. अल्-ख्वारिज्मीने त्यावर आधारलेली ग्रहगणिताची कोष्टके केली. कोर्दोबाच्या मस्लमा अल्-मज्रीती याने दहाव्या शतकाच्या अखेरीस ती सुधारून कोर्दोबाच्या रेखावृत्ताला जुळविली, आणि ११२६ मध्ये बाथच्या अ‍ॅडलार्डने त्यांचे लॅटिन भाषांतर केले. मध्ययुगीन युरोपातील ज्योतिषी ‘अरीन’ नावाच्या ज्या स्थानावरून रेखांश मोजत, ते नाव म्हणजे अरबी लिपीतून अपभ्रंश झालेली आपली उज्जयिनी! तोलेदोचा काझी साईद अल्-अंदलूसी याने १०६८ मध्ये विद्या जोपासणाऱ्या राष्ट्रांचा ग्रंथ लिहिला, तेव्हा पहिले स्थान भारतीयांना दिले. हे ऋण त्याने मोकळेपणाने मान्य केले. तेव्हा कोर्दोबाविषयी आपणही कृपण होण्याचे कारण नाही.

परंतु याच साईदने हेही लिहून ठेवले आहे की, अल्-मन्सूर या सत्ताधीशाने धर्मपंडितांना खूश करण्यासाठी अल्-हकमच्या विख्यात ग्रंथालयातील तत्त्वज्ञान आणि ज्योतिषाचे ग्रंथ जाळविले. ख्रिस्ती आणि ज्यू प्रजेला संरक्षण होते ते जिझिया भरून, दुय्यम स्थान स्वीकारून. ८५० नंतरच्या दशकात इस्लामची जाहीर निंदा वा धर्मत्याग या आरोपांखाली ४८ ख्रिश्चनांना येथे देहदंड झाला. ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिदीस कोर्दोबाचाच सुपुत्र. पण ११४८ मध्ये अल्मोहाद सत्ता येताच त्याच्या कुटुंबाला परागंदा व्हावे लागले. ९९७ मध्ये अल्-मन्सूरने सान्तियागोच्या चर्चमधील घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून कोर्दोबाला आणविल्या, आणि १२३६ मध्ये फर्डिनांडने त्या मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून परत पाठविल्या, असे बखरी सांगतात. खांदे बदलले, ओझे तेच.

ख्रिस्ती सत्तेचा हिशेबही स्वच्छ नाही. १४९२ मध्ये ज्यूंना देशाबाहेर घालविले गेले. बाटविलेल्या मुसलमानांच्या वंशजांना १६०९ पासून. कोर्दोबाच्या राजवाड्यात धर्मन्यायालयाचे ठाणे होते. पोर्तुगालनेही त्याच धर्तीची संस्था उभारली आणि १५६० मध्ये ती गोव्यात आणली. तिने काय केले, हे गोमंतकीयांना वेगळे सांगावयास नको.

आजचा वाद मात्र नावाचा आहे. २००६ मध्ये स्थानिक धर्मप्रांताने अवघे ३० युरो शुल्क भरून ही वास्तू आपल्या नावावर नोंदविली. २०१० मध्ये ऑस्ट्रियाहून आलेल्या काही मुस्लिम पर्यटकांनी आत नमाज पढण्याचा प्रयत्न केला, रक्षकांशी झटापट झाली, दोघांना अटक झाली. त्याच सुमारास पर्यटकांच्या पत्रकांतून ‘मशीद’ हा शब्दच गाळला गेला. नागरिकांनी निषेध केला, लाखो सह्या झाल्या, आणि २०१६ मध्ये ‘मशीद-कॅथेड्रल’ हे जोडनाव पत्रकावर परत आले.

येथे आमचे मत स्पष्ट आहे. आठ शतके ज्या वास्तूत अखंड ख्रिस्ती उपासना चालू आहे, तेथे कोणाची उपासना व्हावी हे त्या समाजाने आणि तेथील कायद्याने ठरवावे. बाहेरून येऊन बळजोरी करणे सर्वथा गैर. पण समोर मेहराब दिसत असताना पत्रकातून तिचे नाव खोडणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा होता. आणि मेहराब दाखवून फरशीखालच्या अवशेषांविषयी मौन पाळणे हाही तोच.

८ ऑगस्ट २०२५ च्या रात्री तेथे आग लागली, एका छोट्या उपासनागृहाचे छत कोसळले. सुदैवाने स्तंभांचे वन बचावले. तेव्हा जाणाऱ्यांनी अवश्य जावे, पण एक दिवस राखून. जवळच १३१५ चे छोटे सिनेगॉग आहे. नगराबाहेर, ९३६ मध्ये वसविलेल्या आणि शतकही न टिकलेल्या मदीना अल्-झहरा या राजनगरीचे भग्नावशेष आहेत. आणि घंटाघरावर चढताना मुलांना सांगावे की, या भिंतींच्या आत जुना मिनार अजून उभा आहे.