बशीची मागची बाजू

अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे कँटन बंदरातून चिनी मातीची भांडी इंग्लंडला आणत. मागणी एवढी होती की तेथील कारखानदारांनीही तसाच माल घडविण्यास आरंभ केला. पॅगोडा, पूल, नावाडी आणि बहरलेले वृक्ष इंग्रज कारागिरांच्या कुंचल्यातून बशांवर उतरू लागले. लंडनच्या बो कारखान्याने तर स्वतःस 'न्यू कँटन' म्हणवून घेतले. १७५० मधील त्याच्या काही दौतींवर हे नाव आढळते.

आज अशी बशी विकत घेताना चित्राइतकाच तिच्या मातीचाही विचार करावा लागतो. बोच्या मातीत जनावरांच्या हाडांची राख मिसळत. वूस्टरचा कारखाना १७५१ मध्ये स्थापन झाला. पुढच्याच वर्षी त्याने ब्रिस्टलचा एक कारखाना ताब्यात घेतला व त्याबरोबर तेथील कृतीही मिळविली. या कृतीत कॉर्नवॉलचे शंखजिरे वापरले जाई. उकळता चहा ओतला तरी तडा जात नाही, अशी वूस्टरच्या भांड्यांची ख्याती झाली. पुढे शतकाच्या अखेरीस स्पोड कारखान्याने रूढ केलेल्या 'बोन चायना'त मात्र हाडांच्या राखेचे प्रमाण जवळपास निम्मे असे. इंग्रजी पोर्सेलिन हे नाव एकच असले, तरी माल एक नव्हे. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या घरात हा भेद गौण ठरत नाही.

दुसरा प्रश्न चित्राचा. १७५० च्या दशकातच वूस्टरमध्ये तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून छपाई सुरू झाली होती. भिंगातून पाहता छापील चित्रात कोरलेल्या बारीक रेघा दिसतात. हाताने रंगविलेल्या चित्रात रंग कोठे दाट, कोठे विरळ असतो. एकाच संचातील दोन बशा शेजारी ठेवल्या, तर हातच्या कामातील फरक सहज कळतो.

केवळ मागच्या खुणेवर विसंबू नये. वूस्टरचे कारागीर चिनी अक्षरांसारख्या दिसणाऱ्या खुणा काढीत. वूस्टरच्या खुणांची नक्कल पुढे इतरांनी केली. म्हणून रक्कम मोजण्यापूर्वी कारखाना, काळ, मातीचा प्रकार, चित्र हाताचे की छापील आणि कोठे डागडुजी झाली आहे काय, या पाच गोष्टी विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्याव्यात. लिहून देण्यास जो कचरतो, त्याच्याकडील बशी कितीही देखणी असली तरी परत ठेवावी.