'पर्मनंट' कशाला म्हणायचं?

मंडळी, या विषयावर लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. कारण वाचणाऱ्यांत निम्मे नातेवाईक! कुणाला तरी लागणारच. पण आता धाकटीने फॉर्म भरायला काढलाय, तेव्हा एकदाच सगळ्यांना सांगून टाकते.

आमची धाकटी गेल्या वर्षी अमेरिकेची नागरिक झाली. तिथल्या कायद्याप्रमाणे 21 वर्षांवरच्या नागरिकाला आईवडिलांसाठी ग्रीन कार्ड मागता येतं, आणि त्याला दरवर्षीच्या संख्येची मर्यादाही नाही. त्यामुळे नव्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत मी सध्या 'नशीब काढलेली बाई' झाले आहे. भाजीवालीसुद्धा विचारते, "बाई, कधी निघालात?"

माझं उत्तर असं: भेटायला जाईन, राहायला नाही. आणि कार्ड तर मुळीच घेणार नाही.

आता का, ते सांगते. 'पर्मनंट' या शब्दाचं मोल शिक्षकाला विचारा. 1977 च्या कायद्याप्रमाणे खाजगी शाळेत दोन वर्षं प्रोबेशन काढायचं, मग पर्मनंट. त्या दिवशी आम्ही पेढे वाटले होते. नंतर उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलं म्हणून कुणी ते काढून घेत नव्हतं. ग्रीन कार्डाचं तसं नाही. तुम्ही तिथे राहाल तोवरच ते तुमचं. आधी परवानगी न काढता वर्षाहून जास्त बाहेर राहिलात तर ते जाऊ शकतं. दरवर्षी सहा-आठ महिने इकडे काढलेत तरी विमानतळावर विचारणार, तुम्ही नक्की राहता कुठे? कॅनडात तर हिशेब स्पष्टच आहे, 5 वर्षांत 730 दिवस तिथे भरले पाहिजेत. म्हणजे हजेरीपटच की!

माझ्या माहितीतली कितीतरी वयस्कर जोडपी केवळ 'कार्ड जिवंत ठेवायला' ये-जा करतात. गुडघे धरलेले, बीपीच्या गोळ्या पर्समध्ये, आणि वीस-बावीस तासांचा प्रवास. अहो, पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो, तेवढा एक पुरे नाही का?

"मिळतंय तर घेऊन ठेवा," असं म्हणणारे भेटतात. ऑस्ट्रेलियात साध्या पालक-व्हिसाला तीस वर्षांच्या वर थांबावं लागतं, इंग्लंडने 2012 पासून आईवडिलांसाठी दार जवळजवळ लावूनच घेतलंय, आणि तुम्हाला आयतं मिळतंय तर नको म्हणता? पण बोहारणीकडून भांडं घ्यावं तसं हे घेऊन ठेवता येत नाही. कार्ड घेतलं की तुमचं उत्पन्न जगात कुठेही असो, तिथल्या करखात्याच्या हिशेबात येतं. इथल्या खात्यांत मिळून 10,000 डॉलरच्या वर रक्कम असेल तर तीही दरवर्षी कळवायची. खरोखर तिकडे राहायला गेलात की इथलं बचत खातं अनिवासी खात्यात बदलायचं, आणि पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना नव्याने काढता येत नाही. शिवाय माझ्या पोटापाण्याची हमी लेकीने तिथल्या सरकारला लिहून द्यायची. जन्मभर स्वतःच्या पगारावर आणि आता पेन्शनवर जगलेल्या बाईने सत्तरीनंतर कुणाच्या तरी हमीपत्रावर का जगायचं?

यावर सगळ्यात वजनदार प्रश्न येतो तो दुखण्याखुपण्याचा. "पडलीस झडलीस तर कोण बघणार?" हा प्रश्न खोटा नाही. इथे नळाला रोज पाणी नाही. मोठं दुखणं निघालं तर साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. 'जालना सोने का पालना' म्हणायला ठीक आहे, पण म्हातारपणी तो पाळणा बराच करकरतो. मग तिकडे काय आहे? तिथे कधी नोकरी न केलेल्या, 65 वर्षांवरच्या कार्डवाल्याला सरकारी मेडिकेअर विकत घ्यायलासुद्धा आधी सलग 5 वर्षं राहावं लागतं. तोवर खाजगी विमा, आणि तोही लेकीच्या खिशातून. इथे डॉक्टर माझा विद्यार्थी, औषधवाला माझा विद्यार्थी. रात्री फोन केला तर दोघांपैकी एक तरी येतो. तिकडे डॉक्टरकडे जायचं तरी लेकीने रजा काढायची आणि गाडी काढायची.

जयवंत दळवींचं 'संध्याछाया' पाहून आमच्या पिढीने डोळे पुसले. परदेशी गेलेली मुलं आणि मागे राहिलेले म्हातारे, हे चित्र मनात असं बसलं की उपाय एकच दिसू लागला, म्हाताऱ्यांनाही तिकडे न्या! पण सकाळी 8 ला सगळे बाहेर पडल्यावर, खिडकीबाहेर बर्फ आणि आत गरम केलेलं घर, तिथेही संध्याछाया पडतेच की. फक्त ती बघायला शेजारीण नसते.

ज्यांचं इथे कुणीच उरलं नाही, जे खरोखर तिकडचे व्हायला तयार आहेत, त्यांनी जरूर जावं. माझा वाद त्यांच्याशी नाही. एक पाय इथे, एक पाय तिथे ठेवून त्यालाच 'पर्मनंट' म्हणण्याशी आहे.

आणि पोरांनो, तुम्हाला लांब असल्याचं अपराधी वाटतं, हे आम्हाला कळतं. कार्ड हा तुम्ही त्यावर शोधलेला उतारा आहे. पण तो आम्हाला पिऊ घालू नका. त्यापेक्षा तीन गोष्टी करा. वर्षातून एकदा ठरल्या महिन्यात या. आई पडली तर कुणी कुठून निघायचं, हे भावंडांनी आजच ठरवा. आणि दिवसरात्र बाई ठेवायची वेळ आली तर तिचा पगार वाटून घ्या. फॉर्मची फी, वकील आणि तिकिटं वाचली की तेवढं सहज जमेल.

बाळा, हे वाचून रागावू नकोस. तुझ्या घरी मी येणारच आहे, पण पाहुणी म्हणून. पाहुणीला निदान निघताना "अजून चार दिवस राहा ना" असं कुणीतरी म्हणतं.

असो. ज्यांना पटलं नसेल त्यांनी जरूर लिहा. भांडायचं असेल तर सरळ फोन करा, फक्त माझी दुपारची झोप सोडून!