फिरवा, पण ताणू नका

"पुस्तक वाचले आहेस ना? मग ती मालिका बघू नकोस." हा सल्ला मला इतक्या सुहृदांनी दिला आहे, की तो पाळला असता तर निम्मी करमणूक बुडाली असती. सल्ला देणाऱ्याच्या चेहऱ्यावर अशा वेळी एक सोवळे चढलेले असते. मूळ कादंबरी म्हणजे देव्हाऱ्यातला टाक आणि पटकथाकार म्हणजे पारोशाने त्याला हात लावणारा कोणी उपटसुंभ, असा एकंदर आविर्भाव. या सोवळ्याशी माझे भांडण आहे. समोरच्या बाकावर बसून 'माध्यम वेगळे असते हो' म्हणत वाटेल ते खपवणाऱ्या वाहिनीवाल्याशी त्याहून मोठे आहे. पण क्रमाने घेतो.

सोवळ्या पक्षाचे म्हणणे आधी नीट मांडले पाहिजे, कारण ते अगदीच पोकळ नाही. पुस्तकातला माणूस वाचक स्वतः घडवतो. त्याचा आवाज, त्याची चाल ही वाचकाच्या मालकीची असते. एकदा नटाने ती बळकावली, की पुस्तक पुन्हा उघडताना नटच आडवा येतो. चि. वि. जोशींचा चिमणराव दूरदर्शनवर आला आणि माझ्या पिढीला तो दिलीप प्रभावळकरांच्या चेहऱ्याशिवाय दिसेनासा झाला. गुंड्याभाऊ म्हटले की बाळ कर्वेच उभे राहतात. हे नुकसान आहे, कबूल. (मला ते फार परवडले, हा भाग वेगळा.)

पण इथून ही मंडळी एकदम उडी मारतात. पडद्यावर आणायचेच तर जसेच्या तसे आणा, कानामात्रा बदलू नका, म्हणतात. ही मागणी किती फसवी आहे, ते कॉमिक्सच्या बाबतीत सगळ्यात लख्ख दिसते. वरवर पाहता कॉमिकइतके पडद्याच्या जवळचे काहीच नाही. चित्रे तयार, संवाद फुग्यांत तयार, कोणत्या बाजूने बघायचे तेही चित्रकाराने ठरवून दिलेले. फक्त हलवायचे बाकी! १९६६च्या अमेरिकी 'बॅटमॅन' मालिकेत तर ठोसा बसला की त्याचा आवाज रंगीत अक्षरांत पडद्यावर उमटायचा. कागदाला कंठ नसतो, म्हणून तिथे आवाज अक्षरांनी काढावा लागतो. कंठ असलेल्या पडद्यावर तीच अक्षरे आली की तो विनोद होतो. त्या लोकांना विनोदच करायचा होता, म्हणून शोभला.

ज्यांना गंभीर काही करायचे होते त्यांचे काय झाले, ते 'वॉचमेन'मध्ये बघावे. ॲलन मूर यांनी लिहिलेले आणि डेव्ह गिबन्स यांनी चितारलेले हे कॉमिक १९८६-८७ मध्ये बारा अंकांत निघाले. बहुतेक पानांचा सांगाडा नऊ चौकटींचा, घड्याळाच्या टिकटिकीसारखा नियमित. पाचव्या अंकाची रचना आरशातल्यासारखी आहे: पहिले पान शेवटच्या पानाशी जुळते, दुसरे उपांत्य पानाशी, आणि दोन्ही बाजू बरोबर मध्यावर भेटतात. हे वाचकाला कळते कधी? तो मागची पाने पुन्हा उलटतो तेव्हा. म्हणजे या कलेतला काळ वाचकाच्या अंगठ्याखाली असतो. कुठे थांबायचे, कुठे मागे जायचे, दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत काय घडले असेल ते मनाशी भरायचे, हे सगळे तो करतो. पडद्यावर पान नसते आणि ती पांढरी पट्टीही नसते.

२००९ मध्ये झॅक स्नायडर यांनी त्यावर चित्रपट काढला. कॉमिकची पाने समोर ठेवून, कित्येक ठिकाणी चौकटीबरहुकूम. वेश तोच, कोन तोच, पावसाची रेघसुद्धा तीच. बघताना मात्र मेणाच्या पुतळ्यांना चावी दिल्यासारखे वाटते. आणि खरी गंमत पुढे आहे. इतकी निष्ठा दाखवून स्नायडर यांनी शेवट बदलला. मूळ कथेत न्यूयॉर्कवर एक अक्राळविक्राळ अष्टपादासारखा प्राणी आदळवला जातो आणि त्या भयाने भांडणारी राष्ट्रे एक होतात. कॉमिकमधली ही सगळ्यात विचित्र आणि सगळ्यात धीट कल्पना चित्रपटाने काढून टाकली. नैवेद्य यथासांग दाखवला आणि मूर्ती बदलली.

दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, डेमन लिंडेलॉफ यांनी एचबीओसाठी त्याच नावाची मालिका केली. त्यांनी बारा अंकांतला एकही अंक चित्रित केला नाही. मालिका सुरू होते ओक्लाहोमातल्या टल्सा गावी, १९२१ साली, जेव्हा गोऱ्या जमावाने ग्रीनवूड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती जाळली. हा इतिहास आहे आणि मूळ कॉमिकमध्ये त्याचा मागमूस नाही. मग हे कॉमिकशी जोडले कसे? मूर-गिबन्स यांनी एक जागा मोकळी सोडली होती. त्यांच्या जगातला पहिला मुखवटाधारी वीर, गळ्यात फास आणि डोक्यावर बुरखा घेतलेला 'हुडेड जस्टिस', नक्की कोण होता ते कॉमिक कधीच ठामपणे सांगत नाही. लिंडेलॉफ म्हणाले, तो काळा माणूस होता. लहानपणी टल्सा जळताना पाहिलेला. तो फास, तो बुरखा एका क्षणात वेगळेच बोलू लागतात. आणि स्नायडर यांनी हाकललेला तो अष्टपाद? तो या मालिकेत घडून गेलेला इतिहास आहे. आकाशातून त्याच्या पिलांचा पाऊस पडतो आणि लोक सवयीने गाड्या थांबवतात.

चौकटी पुसणाऱ्याने कथेचा शेवट राखला आणि चौकटी गिरवणाऱ्याने तो मोडला. यातला प्रामाणिक कोण, हे सोवळ्या पक्षाने सांगावे. मूर यांनी मालिकेच्या श्रेयनामावलीत आपले नाव येऊ दिले नाही. त्यांचा राग मला समजतो, हक्कांवरून प्रकाशकाशी त्यांचे फार जुने बिनसले आहे. पण लेखकाचा राग हा कृतीवरचा निकाल नव्हे. मालिकेला अकरा एमी मिळाले, तरी नऊ भागांत माझे सांगून झाले म्हणून लिंडेलॉफ बाजूला झाले. माझ्या लेखी बाजूला होणे पुरस्कारांपेक्षा मोठे आहे, आणि इथेच मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो.

कादंबरीत किंवा कॉमिकमध्ये घटना असतात, माणसे असतात, संवाद असतात. ते सगळे फिरवता येते. जे फिरवता येत नाही ते तिचे माप. कुठून सुरुवात करायची, किती सांगायचे, कुठे तोंड मिटायचे. पुस्तकाला शेवटचे पान असते ही बांधणीतली सोय नाही, तो लेखकाचा निर्णय असतो. मालिका पुस्तकाचा घात करते ती बहुतेक वेळा हा निर्णय उडवून लावते तेव्हा.

'द वॉकिंग डेड' घ्या. रॉबर्ट किर्कमन यांचे हे कॉमिक २००३ मध्ये सुरू झाले आणि जुलै २०१९ मध्ये १९३व्या अंकाला त्यांनी ते अचानक संपवले. वाचकांना सुगावा लागू नये म्हणून पुढच्या अंकांची मुखपृष्ठेसुद्धा आधी जाहीर करून ठेवली होती. मालिकेने अनेक बदल केले. तिच्यातला सगळ्यात लाडका डॅरिल कॉमिकमध्ये नाहीच. बरे झाले, आणला ते. पण आठव्या पर्वात मालिकेने नायकाच्या मुलाला, कार्लला, मारले. कॉमिकच्या शेवटच्या अंकात हाच कार्ल मोठा झालेला आहे, त्याला मुलगी आहे. म्हणजे ज्या दाराने कथा बाहेर पडायची तेच दार मालिकेने चिणून टाकले. मग ती आत फिरत राहिली. २०२२ मध्ये १७७ भागांवर थांबली म्हणतात, पण तोवर तिला पोटमालिकांची पिल्ले झाली होती. प्रेते चालत राहण्याच्या गोष्टीला हे शोभूनही दिसते म्हणा.

आता वाहिनीवाल्याचा पक्ष. तो म्हणतो, लांबी हेच तर मालिकेचे बळ. नऊशे पानांची कादंबरी अडीच तासांच्या चित्रपटात कोंबली तर तिचा चिवडा होतो. आम्ही तिला ऐसपैस जागा देतो. अगदी खरे, आणि म्हणूनच मी मालिकेच्या बाजूचा आहे. पण जागा देणे वेगळे आणि पाणी घालणे वेगळे. आपल्याकडच्या रोजच्या मालिकेत अर्ध्या तासातून जाहिराती वजा जाता बावीसेक मिनिटे उरतात, आठवड्याला सहा भाग द्यायचे असतात, आणि टीआरपी बरा असेल तर संपवण्याचा विचारसुद्धा अपशकुनी. मग ट्रॅक सुरू होतात. वटपौर्णिमा, मंगळागौर, अपहरण, स्मृतिभ्रंश. हे माध्यमाचे वेगळेपण नाही. हा गल्ला आहे, आणि गल्ल्याला कलेचे नाव देऊ नये.

त्यावर तो इतिहास काढतो. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरीसुद्धा त्यांच्याच 'करमणूक' साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली होती ना? डिकन्सनेही आठवड्याला पाने पुरवली ना? पुरवली. बुल्वर-लिटन या मित्राच्या सांगण्यावरून 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा शेवटसुद्धा बदलला. हा दाखला सोवळ्या पक्षाला जास्त झोंबायला हवा, कारण त्याचे 'अस्पर्श मूळ' मुळातच असे घडलेले होते. हरिभाऊंवर पाल्हाळाचा आरोप झाला आणि तो खोटा नाही. तरीही यमूची गोष्ट कुठे नेऊन थांबवायची हे हरिभाऊ ठरवत होते, 'करमणूक'चा खप ठरवत नव्हता.

'गेम ऑफ थ्रोन्स'चे काय, असे कोणी विचारील. तिथे तर ताणले नाही, उलट घाई केली! आधीची सहा पर्वे दहा-दहा भागांची, सातवे सात भागांचे, आठवे सहाचे, आणि प्रेक्षकांनी बोटे मोडली ती त्या शेवटच्या सहांवर. आक्षेप वजनदार आहे. पण माप म्हणजे कमी लांबी असे मी म्हटलेले नाही. शिंप्याने आखूड शिवले तरी माप चुकलेच. आणि इथे माप घ्यायला कापडच अपुरे होते: जॉर्ज मार्टिन यांचा पाचवा खंड २०११ मध्ये आला, त्याच वर्षी मालिका सुरू झाली, आणि सहावा मालिका संपेपर्यंत आला नाही. पुस्तक होते तोवर मालिकेचे पाय जमिनीवर होते. ते संपले आणि मुक्कामाच्या दोन खुणा तेवढ्या हाती उरल्या, तेव्हा पात्रे एका खुणेवरून दुसरीकडे पळू लागली.

याउलट 'शोगुन'. जेम्स क्लॅव्हेल यांची १९७५ची कादंबरी, दोनदा मालिका झाली. १९८०च्या मालिकेत जपानी संवाद बहुतांशी भाषांतराविनाच ठेवले होते. वादळातून जपानला लागलेल्या इंग्रज खलाशाला जेवढे कळेल तेवढेच प्रेक्षकाला कळायचे. २०२४च्या मालिकेत बहुतेक संवाद जपानीच, पण खाली अक्षरे, आणि गोष्टीचा तोल तोरानागा व मारिको यांच्याकडे झुकलेला. एकाच पुस्तकाचे दोन कान. दोन्ही खरे वाटतात. नव्या मालिकेने तर मोठी लढाई दाखवण्याचा मोहसुद्धा आवरला, कादंबरीसारखाच. दहा भाग, अठरा एमी. आणि मग जाहीर झाले की पुढची पर्वेही येणार! पुस्तक संपले आहे, क्लॅव्हेल १९९४ मध्ये गेले. मला धास्ती वाटते ती याची.

आपल्याकडचे उदाहरण हवे तर 'तमस'. भीष्म साहनींची कादंबरी १९७४ची, गोविंद निहलानींची मालिका १९८८ची. निहलानींनी कादंबरीत साहनींच्याच दुसऱ्या कथा विणल्या, म्हणजे सोवळ्या भाषेत भेसळ केली. आणि साहनी काय करत होते? त्याच मालिकेत हरनामसिंगाची भूमिका. प्रक्षेपण थांबवण्यासाठी लोक मुंबई उच्च न्यायालयात गेले, न्यायमूर्तींनी मालिका बघितली आणि चालू द्या म्हणाले, सर्वोच्च न्यायालयानेही तेच केले. फाळणीचा एवढा वणवा पाच तासांच्या आत आटोपला. आज कुणाला तो विषय मिळाला तर पहिली ठिणगी पडायलाच पन्नास भाग लागतील.

जुन्या दूरदर्शनच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांतला मी नाही. पुठ्ठ्याचे महाल मला आठवतात. पण तेव्हा मालिकेला बहुधा तेरा भागांचे मोजमाप असायचे, आणि सरकारी कारकुनाच्या त्या आकड्याने अभिरुचीचे जे काम केले ते पुढे कुठल्याही सर्जनशील विभागाने केले नाही. अपवाद एकच मानतो. 'तारक मेहता का उल्टा चष्मा' २००८ पासून चालू आहे आणि चार हजार भाग ओलांडून गेली आहे. ती मुळात तारक मेहता यांच्या गुजराती 'चित्रलेखा'तल्या साप्ताहिक सदरावरून घेतलेली. सदराला शेवटचे पान नसतेच, तेव्हा मालिका संपत नाही म्हणून मापाचा भंग झाला असे म्हणता येत नाही. ती बघवत नाही, ही माझी तक्रार वेगळी.

तेव्हा विनंती आहे ती लिहिणाऱ्यांना. तुमच्या कादंबरीचे किंवा चित्रकथेचे हक्क मागायला कोणी आले, तर 'मूळ कथेत बदल करणार नाही' या कलमासाठी हटून बसू नका. नायकाचे गाव बदलू दे, मेलेल्याला जगवू दे, तुम्ही मोकळ्या सोडलेल्या जागा त्याला भरू दे. करारात फक्त भागांची संख्या लिहून घ्या. अंकी आणि अक्षरी, दोन्ही.