बंदूक कोणाचे रक्षण करते?

मुले पुण्या-बंगळुरास किंवा परदेशी, आणि ग्वाल्हेरातील भल्या मोठ्या घरात वृद्ध पती-पत्नी दोघेच. शेजारी कोठे चोरी झाली की अशा घरांना आपल्याच मंडळींकडून हमखास सल्ला मिळतो : बंदुकीचा परवाना काढून ठेवा. या सल्ल्यास आमचा स्पष्ट विरोध आहे.

शासकीय सेवेत असताना परवान्यांच्या फायली आम्ही पुष्कळ पाहिल्या. कारण एकच, 'आत्मरक्षा'. त्याच बंदुका पुढे वरातीत खांद्यावर मिरवताना दिसत. चंबळच्या मुलखात बंदूक हे प्रतिष्ठेचे लेणे आहे, हे प्रशासनही ओळखून आहे. म्हणून तर २००८ मध्ये शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना परवान्यात झुकते माप देण्याची योजना निघाली, आणि २०१९ मध्ये ग्वाल्हेरात अर्जदारांना दहा झाडे लावण्यास सांगण्यात आले. ज्याच्या खरोखरच जिवावर बेतले आहे, त्यास कोणी आधी वृक्षारोपण करून या म्हणेल काय? हर्षभराने केलेल्या गोळीबारासाठी २०१९ च्या दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करावी लागली, ती उगाच नव्हे.

दरोडेखोरांचे भय एके काळी खरे होते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु १९७२ मध्ये जौऱ्यास जयप्रकाशजींच्या उपस्थितीत शस्त्रे खाली ठेवली गेली, १९८३ मध्ये भिंडला फुलनदेवी शरण आली. भय ओसरले, बंदुका राहिल्या.

काही विद्वान मित्र १९३१ च्या कराची ठरावाचा दाखला देतात. त्यात शस्त्र बाळगण्याचा हक्क होता खरा, पण नियमांच्या अधीन. आणि राज्यघटनेच्या मूलभूत हक्कांत तो आला नाही, हे ते सोयीस्करपणे विसरतात.

आता व्यवहार पाहू. रात्री अडीच वाजता खुडबुड ऐकू येते. सत्तरीच्या गृहस्थांनी चष्मा शोधावा, कपाटाची किल्ली शोधावी, थरथरत्या हाताने काडतूस भरावे आणि अंधारात नेम धरावा! समोर चोर आहे, की पाणी प्यायला उठलेला नातू? चोरच असला आणि पाठ फिरवून पळत असला, तर? स्वसंरक्षणाचा हक्क १८६० च्या दंडसंहितेत होता, आजच्या न्याय संहितेतही आहे. पण आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा ना तेव्हा होती, ना आता. पेन्शनीत न्यायालयाच्या खेपा कोणी घालायच्या? शिवाय निवडणूक लागली की शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचे फर्मान निघते. वातावरण तापते, नेमक्या तेव्हाच हा रक्षक घरी नसतो. आणि घर बंद करून मुलांकडे गेलो की तीच बंदूक चोराच्या हाती लागते.

मजबूत दार, उजेडाचे अंगण, शेजाऱ्याकडे वाजणारी घंटा यांस परवाना लागत नाही. जुन्या वाड्यांत आजोबांची दुनाली अजून भिंतीवर दिसते. परवानाधारक निवर्तल्यावर ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते, हे वारसांपैकी कितीजणांनी केले आहे?